उष्मांकांचा अजमास





आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटण्याजोगा आहे. सायंकाळी फेरफटका मारून परत आलेला गृहस्थ मनगट वर करतो, तेथील पट्ट्यावर ‘३१२ कॅलरी’ असा आकडा उमटलेला असतो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर तो रात्री एक पोळी अधिक घ्यावी की घेऊ नये याचा निर्णय करतो. त्याच घरातील कन्या मोबाइलवरील आहाराच्या ॲपमध्ये आमटीची वाटी, भाताची मूद आणि कोशिंबिरीचा चमचा यांची नोंद करीत असते, आणि रात्री ॲपने तांबड्या अक्षरांत ‘मर्यादा ओलांडली’ असे दाखविले की तिचा दिवस खराब होतो. आपल्या शहरांतून आज हजारो माणसे आपल्या भुकेचा, श्रमांचा आणि समाधानाचा निवाडा असा एका आकड्याच्या स्वाधीन करीत आहेत. तो आकडा येतो कोठून? त्याच्या पाठीशी पुरावा कोणता? आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा तो किती? या तीन प्रश्नांचा विचार आज आपण क्रमाने करू.

प्रथम हे पाहू, की देहाने किती ऊर्जा खर्च केली हे खरोखर मोजावयाचे असेल तर काय करावे लागते.

या मापनाचा इतिहास मोठा रोमहर्षक आहे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघा शास्त्रज्ञांनी एक गिनी पिग बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला, त्याच्या देहातील उष्णतेने किती बर्फ वितळला ते तोलून पाहिले, आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे हा सिद्धान्त मांडला. पुढे लाव्हाझिएने सेगँ नावाच्या सहकाऱ्यावर प्रयोग करून दाखविले की जेवल्यानंतर आणि श्रम करताना माणूस अधिक प्राणवायू वापरतो. देहाच्या ऊर्जेच्या हिशेबाचा हा पहिला पाया होय. तो घालणाऱ्या शास्त्रज्ञाचा १७९४ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत शिरच्छेद झाला. पण त्याने दाखविलेली वाट बुजली नाही.

तिच्यावरूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर आणि पदार्थविज्ञानाचे अभ्यासक एडवर्ड रोझा यांनी माणूस आत राहू शकेल अशी एक बंदिस्त खोली बांधली. तिच्यात एक खाट, एक खुर्ची, एक मेज आणि व्यायामासाठी सायकलसारखे यंत्र एवढेच सामान मावत असे. त्या कोठडीत माणूस दिवसच्या दिवस राही. त्याला दिलेला घास न् घास तोललेला असे. मलमूत्राचे पृथक्करण होई. त्याने टाकलेल्या श्वासाची तपासणी होई. आणि त्याच्या देहातून निघालेली उष्णता नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्याच्या तपमानावरून मोजली जाई. इतका बंदोबस्त ठेवल्यावर देहात आलेली ऊर्जा आणि देहातून गेलेली ऊर्जा यांचा मेळ जवळजवळ तंतोतंत बसला. श्रोतेहो, मापन म्हणतात ते याला!

आता कोणी विचारील, की कोठडीत कोंडलेल्या माणसाचे मोजमाप चालत्याफिरत्या माणसाला कसे लागू पडावे? त्यालाही विज्ञानाने उत्तर शोधले. नेथन लिफ्सन या मिनेसोटातील शास्त्रज्ञाने प्राण्यांवर सिद्ध केलेली, आणि १९८२ पासून माणसांवर वापरली जाऊ लागलेली, एक विलक्षण युक्ती आहे. माणसाला असे पाणी पाजतात की ज्यातील हायड्रोजन आणि प्राणवायू हे दोन्ही नेहमीपेक्षा जड, पण निरुपद्रवी, जातीचे असतात. जड हायड्रोजन देहाबाहेर पडतो तो केवळ पाण्याच्या रूपाने. जड प्राणवायू मात्र पाण्यावाटेही जातो आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. एकदोन आठवडे मूत्राचे नमुने तपासून या दोहोंच्या उतरत्या प्रमाणातला फरक काढला, की त्या काळात किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला हे कळते, आणि त्यावरून किती ऊर्जा खर्ची पडली तेही कळते. ही पद्धती खर्चाची आहे. तिला प्रयोगशाळा लागते. आणि तिचा निकाल आज फिरून आल्याबरोबर मिळत नाही. पण या क्षेत्रातील हीच आजची कसोटी होय.

या कसोटीच्या शेजारी आता मनगटावरचे उपकरण ठेवून पाहू. ते उष्णता मोजते काय? नाही. प्राणवायू किती वापरला गेला हे मोजते काय? तेही नाही. ते मोजते दोन गोष्टी. एक, मनगटाची हालचाल. आणि दुसरी, त्वचेवर हिरवा प्रकाश पाडून तो रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी कमीअधिक किती परत येतो यावरून ठरणारी नाडी. या दोहोंत तुमचे वय, वजन, उंची आणि लिंग मिळवून ते एका गणिती सूत्रात घालते, आणि त्या सूत्रातून जे निघते ते ‘खर्च झालेले उष्मांक’ म्हणून दाखविते. म्हणजे हालचाल मोजली, नाडी मोजली, आणि ऊर्जा मात्र अनुमानिली. हे अनुमान किती नाजूक आहे पाहा. पोळ्या लाटणाऱ्या गृहिणीचा हात सारखा हलतो, म्हणून तिच्या नावावर न चाललेली पावले जमा होतात; आणि दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन दोन मजले चढणाऱ्या त्याच गृहिणीचा हात स्थिर राहतो, म्हणून तिची खरी मेहनत पुरती नोंदली जात नाही. सायकल चालविताना पाय घामाघूम होतात, पण मनगट दांडीवर निश्चल असते. नाडीचे म्हणाल, तर ती उकाड्याने वाढते, काळजीने वाढते, कडक चहानेही वाढते. आणि रक्तदाबावरील काही गोळ्यांनी ती मंद राहते, मग श्रम कितीही होवोत.

अशा अनुमानाची परीक्षा झालेली आहे. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ६० स्वयंसेवकांच्या हातांवर त्या काळी बाजारात असलेली सात उपकरणे बांधली, त्यांना चालविले, पळविले, सायकलवर बसविले, आणि श्वासाच्या विश्लेषणाशी त्यांचे आकडे ताडून पाहिले. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत निघाली. याबद्दल त्यांची प्रशंसाच केली पाहिजे. परंतु ऊर्जेच्या बाबतीत? सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के, आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के! त्याच्या आदल्या वर्षी जपानमध्ये बारा उपकरणांची तुलना मघाशी सांगितलेल्या बंदिस्त खोलीशी आणि जड पाण्याच्या पद्धतीशी करण्यात आली. तेथेही एकाच माणसाच्या एकाच दिवसाविषयी ही उपकरणे एकमेकांशी जुळत नव्हती. त्यानंतर उपकरणे सुधारली आहेत हे मी मान्य करतो. पण हालचाल आणि नाडी यांवरून ऊर्जा ताडावयाची ही रीत तीच आहे, आणि म्हणून तिची मर्यादाही तीच आहे.

येथून मी दुसऱ्या आणि माझ्या मते अधिक महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. ज्या सूत्रावर हा सारा डोलारा उभा आहे, ते सूत्र कोणाच्या देहावरून काढलेले आहे?

विश्रांतीच्या अवस्थेत देहाला किती ऊर्जा लागते हे सांगणारे एक प्रख्यात समीकरण हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध केले. ते १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया यांच्या मोजमापांवर आधारलेले होते. आजची पुष्कळ ॲप्स जे वापरतात ते मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचे समीकरण १९९० चे. तेही अमेरिकेतीलच, ४९८ व्यक्तींवरून काढलेले. श्रमांचा हिशेब करताना आणखी एक प्रमाण मानतात: स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरतो, आणि चालणे, पळणे, पोहणे ही सर्व कामे या एककाच्या पटीत मोजावयाची. २००५ साली ७६९ व्यक्तींवर हे प्रमाण तपासले तेव्हा प्रत्यक्ष सरासरी सुमारे २.६ च निघाली. म्हणजे हिशेबाचे मापच मुळात मोठे होते.

आता आपल्या देहांकडे वळू. २००४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपल्या दोघांचेच छायाचित्र आणि आकडे प्रसिद्ध केले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. पण देहातील चरबीचे प्रमाण? युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी अधिक असते, ही याज्ञिकांनी पुढे आणलेली गोष्ट आपल्याकडील मधुमेहाच्या अभ्यासात फार मोलाची ठरली आहे. आजच्या विषयाशी तिचा संबंध असा, की विश्रांतीतही स्नायू चरबीपेक्षा अधिक ऊर्जा वापरतात, आणि ॲप मात्र केवळ उंची, वजन, वय आणि लिंग विचारते. त्याच्या दृष्टीने समान उंचीवजनाचे हे दोन्ही प्रकारचे देह एकच होत! आपल्याकडील आहारशास्त्रज्ञांना भारतीयांचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय पाश्चात्त्य समीकरणांपेक्षा काही टक्क्यांनी कमी धरावा लागला तो उगाच नव्हे.

एक उदाहरण डोळ्यांसमोर मांडतो. पन्नास वर्षांच्या, १५५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ६२ किलो वजनाच्या एका भगिनीचा आकडा वरील मिफ्लिन-सेंट जिओर समीकरणाने काढला तर तो विश्रांतीसाठी सुमारे १,१७८ येतो. नंतर ॲप विचारते, ‘आपले जीवन कसे आहे?’ तिने ‘बैठे’ या शब्दावर बोट ठेवले तर या आकड्याला १.२ ने गुणतात आणि दिवसाचा खर्च १,४१३ ठरतो. ‘मध्यम श्रमाचे’ या शब्दावर ठेवले तर १.५५ ने गुणतात आणि तो १,८२६ ठरतो. एका बोटाच्या स्पर्शाने चारशेहून अधिक उष्मांकांचा फरक! आणि दिवसभर स्वयंपाक, झाडलोट, बाजारहाट करून दुपारी दोन तास शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईने स्वतःला बैठी म्हणावे की मध्यम श्रमाची? याचा निकाल कोणत्या कायद्याने लावावयाचा?

तिसरा मुद्दा जमेच्या बाजूचा, म्हणजे अन्नाचा. खर्चाचा आकडा डळमळीत असला तरी खाल्लेल्याचा आकडा तरी पक्का असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांचे ग्रॅममागे चार उष्मांक आणि स्निग्धाचे नऊ, हे कोष्टक त्याच ॲटवॉटरने घालून दिले आणि ते आजही वेष्टनांवर छापले जाते. सरासरीपुरते ते चांगलेच आहे. पण २०१२ साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील संशोधकांनी माणसांना बदाम खाऊ घालून पाहिले, तेव्हा कोष्टकाप्रमाणे १७० उष्मांक देणाऱ्या २८ ग्रॅम बदामांतून देहाला प्रत्यक्षात सुमारे १२९ च मिळाले. कारण बदामाच्या पेशींच्या कठीण भिंतींआड अडकलेला स्निग्धांश न पचता निघून जातो. कोष्टक वेष्टनातल्या अन्नाविषयी बोलते. आतड्यात काय घडते ते त्याला ठाऊक नसते.

शिवाय आपले अन्न वेष्टनातून येतच नाही, ते कढईतून येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली ती बहुमोल आहेत, पण ती मुख्यतः कच्च्या जिनसांची आहेत. ‘एक वाटी मटकीची उसळ’ अशी नोंद ॲपमध्ये असते. ती वाटी कोणाच्या घरची? फोडणी एका पळीची की दोन? खोबरे किती, दाण्याचे कूट किती, कट वर तरंगतो आहे की नाही? दहा ग्रॅम तेल जास्त पडले तर ९० उष्मांक वाढले. साठ किलो वजनाच्या माणसाला सामान्य चालीने चालून, बसून राहिला असता तर जेवढे लागले असते ते वजा जाता, इतके उष्मांक खर्चण्यास अर्ध्या तासाहून अधिक चालावे लागते. एका पळीच्या तेलाची ही गोष्ट ॲपच्या वहीत कोठेही लिहिलेली नसते.

आणि माणसाची स्वतःची नोंद? १९९२ साली न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात, आहार कमी करूनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या स्थूल व्यक्तींची कसोशीने तपासणी झाली. त्यांनी आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितले होते आणि श्रम ५१ टक्क्यांनी अधिक सांगितले होते. त्यांना खोटे बोलावयाचे नव्हते. मनुष्याची स्मृती आणि नजर अशीच आहे, तुमची आणि माझीही. आणि ॲपची वही शेवटी त्याच स्मृतीने आणि त्याच नजरेने भरली जाते.

आता या सर्वांची बेरीज, किंबहुना वजाबाकी, करू. चौथा मुद्दा हा बाकीचा आहे, आणि हिशेबाची खरी गोम येथेच आहे. वजन उतरविणाऱ्याला खर्चाशीही कर्तव्य नसते आणि जमेशीही नसते. त्याला हवी असते ती त्यांमधील बाकी. समजा, ॲप सांगते की आज तुम्ही २,००० उष्मांक खर्चले आणि १,६०० घेतले. बाकी ४०० ची तूट. दोन्ही आकड्यांत केवळ दहा टक्के चूक धरा, आणि दहा टक्के ही चूक वर सांगितलेल्या परीक्षांच्या मानाने फारच उदारपणे लहान धरली आहे. खर्च १,८०० ते २,२०० यांच्या दरम्यान कोठेही असेल, जमा १,४४० ते १,७६० यांच्या दरम्यान कोठेही असेल. म्हणजे तूट ४० असेल किंवा ७६० असेल! दोन मोठ्या आकड्यांतील लहान चूक त्यांच्या लहानशा बाकीला गिळून टाकते. ॲपच्या पडद्यावर मात्र ‘४००’ हा आकडा असा ठाम उभा असतो, की जणू तो कोणी ताजव्यात घालून तोलला आहे.

त्यातच देह हा मुका खजिनदार नव्हे. टांझानियातील हाड्झा ही शिकार आणि कंदमुळांवर जगणारी जमात दिवसभर पायपीट करते. तरी हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जड पाण्याने मोजले तेव्हा, देहाचा आकार लक्षात घेता, त्यांचा एकूण दैनिक खर्च पाश्चात्त्य शहरवासीयांच्या खर्चासारखाच निघाला. पुढे २०२१ साली १,७५४ प्रौढांच्या मोजमापांवरून असे दिसले की श्रमांत जादा खर्चलेल्या शंभर उष्मांकांपैकी सुमारे २८ देह अन्यत्र काटकसर करून भरून काढतो. घड्याळ ज्या शंभरांची नोंद करते, त्यांपैकी दिवसाच्या ताळेबंदात बहात्तरच उरतात.

मग ही उपकरणे निरुपयोगी आहेत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ती वापरणारी माणसे दिवसाला सरासरी सुमारे १,८०० पावले अधिक चालतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात २०२२ साली आढळले, आणि अधिक चालणे हे हृदयाला, रक्तशर्करेला आणि मनाला हितकर आहे यात वाद नाही. पण त्याबरोबर पिट्सबर्गचा २०१६ चा प्रयोगही ध्यानात ठेवावा. तेथे ४७१ तरुण प्रौढांना दोन वर्षे आहार-व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. ज्यांना उपकरण दिले त्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने उतरले, आणि ज्यांना दिले नाही त्यांचे ५.९ किलोने. आकडा दिसला म्हणजे वजन उतरले, असे समीकरण कोणी मांडू नये एवढे यावरून निश्चित होते.

या आकड्याची योग्यता कोणती हे सांगण्यासाठी आपल्याच महसूल खात्यातील एक रीत उपयोगी पडेल. पिकाची पैसेवारी, जिला पूर्वी आणेवारी म्हणत, ती आपल्याकडे टप्प्याटप्प्याने ठरते. आधी पीक उभे असतानाच नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते, मग सुधारित होते, आणि पीककापणीचे प्रयोग होऊन धान्य प्रत्यक्ष तोलल्यावर अंतिम पैसेवारी निघते. नजरअंदाज आकड्याला त्याच्या जागी किंमत आहे. पण अंतिम निकाल म्हणून त्यावर कोणी शिक्कामोर्तब करीत नाही. मनगटावरचा आकडा ही नजरअंदाज पैसेवारी होय. अंतिम पैसेवारी तुमच्या घरच्या वजनकाट्यावर, कमरेभोवतीच्या फितीवर आणि वैद्याने तपासलेल्या रक्तात, तीही महिन्यादोनमहिन्यांनी, लागावयाची असते.

म्हणून, श्रोतेहो, माझी विनंती त्रिविध आहे. वापरणाऱ्यांना माझे सांगणे असे, की उपकरणाची पावले आणि नाडी अवश्य पाहा, आजच्या स्वतःची कालच्या स्वतःशी तुलना अवश्य करा. पण ‘जाळलेले’ उष्मांक ताटात परत वाढून घेऊ नका, आणि तांबड्या अक्षरांमुळे भुकेल्या पोटी निजूही नका. वैद्य, शिक्षक आणि पालक यांना माझे सांगणे असे, की वाढत्या वयातील मुलामुलींच्या हाती ही वही आली तर तिच्यातील आकडा अजमास आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा. आणि ही उपकरणे बनविणाऱ्यांना सांगणे असे, की ज्या विद्येच्या जोरावर तुम्ही हा आकडा दाखविता, ती विद्या प्रत्येक मापनाबरोबर त्याची संभाव्य चूक सांगावी असे शिकविते. ‘३१२’ असे न लिहिता ‘सुमारे २२५ ते ४००’ असे लिहा. आकडा कमी दिमाखदार दिसेल, पण खरा असेल; आणि स्वतःच्या देहाविषयी खरे तेवढेच ऐकण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे.